बेस क्लॅरिनेटसाठी लिहिताना आधी गायकाची पट्टी विचारा

गणपतीच्या आरत्या, अभंग किंवा एखादं नाट्यपद क्लॅरिनेटच्या ताफ्यासाठी बांधायचं ठरलं की बहुतेक नवखे वरून सुरुवात करतात. चाल पहिल्या क्लॅरिनेटला, जोडसूर दुसऱ्याला, आणि उरलंसुरलं बेस क्लॅरिनेटच्या पदरात. तालमीला बसल्यावर कळतं, की खालचा वादक अर्धा वेळ वाद्यात नसलेला सूर शोधतोय आणि उरलेला अर्धा वेळ वाद्यातल्या सगळ्यात फिक्या सुरांवर अडकलाय. दोन्हींचं कारण एकच असतं: पट्टी, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कुठल्या चावीवर, हे ठरवताना खालच्या वाद्याचा विचार झालेला नसतो. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी तळ, मग पट्टी, चाल शेवटी.

पुढे सप्तकाचा आकडा सुरासोबत दिला आहे. पियानोचा मधला सी म्हणजे सी ४, त्याखालचं सप्तक ३, त्याखालचं २. पायपेटीवर कानाने सप्तक ठरवू नका. पेटीत खर्ज आणि नर असे दोन्ही सूर एकदम बोलत असतील तर कुठलं सप्तक धरायचं यात हमखास चूक होते. फोनवरचा ट्यूनर सुराच्या नावापुढे आकडा दाखवतो, तोच प्रमाण माना.

पायरी १: वाद्य प्रत्यक्ष पाहा

खालच्या क्लॅरिनेटमध्ये चार वाद्यं येतात: ई फ्लॅट आल्टो, बी फ्लॅट बेस, ई फ्लॅट कॉन्ट्रा आल्टो आणि बी फ्लॅट कॉन्ट्राबेस. चौघांचंही नोटेशन साधारणपणे ट्रेबल क्लेफमध्येच (वरच्या सुरांच्या नेहमीच्या नोटेशन-खुणेत) लिहितात आणि बोटं नेहमीच्या क्लॅरिनेटचीच असतात. त्यामुळे क्लॅरिनेटवाला चारही वाद्यांचे भाग वाचू शकतो. फरक ऐकू येणाऱ्या सुरात आहे. कागदावरच्या सुरापेक्षा आल्टो सहा स्वर (मेजर सिक्स्थ) खाली वाजतो. बेस एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर खाली, कॉन्ट्रा आल्टो एक सप्तक आणि मेजर सिक्स्थ खाली, तर कॉन्ट्राबेस दोन सप्तकं आणि एक पूर्ण स्वर खाली वाजतो.

कागदावरचा सगळ्यात खालचा सूर बहुतेक वाद्यांवर ई फ्लॅट ३ असतो. तो ऐकू येतो असा: आल्टोवर जी फ्लॅट २, बेसवर डी फ्लॅट २, कॉन्ट्रा आल्टोवर जी फ्लॅट १, कॉन्ट्राबेसवर डी फ्लॅट १. महागड्या बेस क्लॅरिनेटला आणखी चाव्या असतात आणि ती कागदावरच्या सी ३ पर्यंत, म्हणजे ऐकू येणाऱ्या बी फ्लॅट १ पर्यंत उतरते. दोन्ही वाद्यं दुरून सारखीच दिसतात. म्हणून "तुमच्याकडे बेस आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "सगळ्यात खालची चावी दाबून काय वाजतं?" हे विचारा, आणि जमल्यास ट्यूनरसमोर वाजवून घ्या. एखाद्या जुन्या वाद्याचा तळ ई वरच संपतो, तेही तेव्हाच कळेल.

आल्टोबद्दल इथे फार लिहिलेलं नाही. मधला भाग दुसऱ्या-तिसऱ्या बी फ्लॅट क्लॅरिनेटने भागतो, आणि आल्टो हाती असेल तर पुढची ट्रान्सपोझिशन (ऐकू येणाऱ्या सुरावरून कागदावरचा सूर काढणं) त्यालाही तशीच लागू होते.

पायरी २: पट्टी

कोकणात गाणाऱ्याला "तुमची की कोणती" असं कुणी विचारत नाही, पट्टी विचारतात. ती कळली की बेसचं भवितव्य ठरतं.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या चावीवर सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा डोळ्यांसमोर आणा. त्याची खर्जाची तार सी शार्प २, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ. ई फ्लॅटपर्यंतच्या बेस क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर डी फ्लॅट २. म्हणजे तोच, फक्त नाव दुसरं! काळी एकला बेस क्लॅरिनेटचा तळ आणि खर्जाचा षड्ज एकाच जागी येतात. अख्खं खर्ज सप्तक हाताशी असतं, फक्त सा च्या खाली काही नसतं. सा खालचा प किंवा नी लिहिलात तर तो सूर वाद्यात नाही.

आता पांढरी एक घ्या. खर्जाचा सा म्हणजे सी २, तो बेसला कागदावर डी ३ लागतो. ई फ्लॅटच्या वाद्यावर तो नाही. समेवरचा सा वरच्या सप्तकात उचलावा लागतो आणि ताफ्याचा पाया एकदम हलका पडतो. अर्ध्या स्वराने पट्टी चढवून काळी एक केली की सगळं जागेवर बसतं, आणि बहुतेक गायकांना तेवढं चालतं. गायकाला न चालल्यास सी ३ पर्यंतचं वाद्य शोधा किंवा सा कॉन्ट्रा आल्टोला द्या. तिथे तो कागदावर ए ३ वर येतो आणि सहज वाजतो.

बायकांच्या पट्ट्यांना ही अडचण येत नाही. काळी चारचा खर्ज बेसला कागदावर बी फ्लॅट ३, काळी पाचचा सी ४. दोन्ही वाद्याच्या भरदार भागात पडतात आणि खाली जागाही उरते.

दुसरा प्रश्न शार्प-फ्लॅटचा. शुद्ध स्वरांच्या, म्हणजे बिलावल थाटाच्या चालीसाठी भागाच्या सुरुवातीला पुढची चिन्हं येतात. पहिला आकडा बी फ्लॅट वाद्यांचा, दुसरा ई फ्लॅट वाद्यांचा.

पांढरी एक: दोन शार्प, तीन शार्प
काळी एक: तीन फ्लॅट, दोन फ्लॅट
पांढरी दोन: चार शार्प, पाच शार्प
काळी दोन: एक फ्लॅट, काहीच नाही
पांढरी चार: एक शार्प, दोन शार्प
काळी चार: दोन फ्लॅट, एक फ्लॅट
काळी पाच: काहीच नाही, एक शार्प

पेटीवाल्याला पांढऱ्या पट्ट्या सोप्या वाटतात, क्लॅरिनेटवाल्याला काळ्या. पांढरी दोनमध्ये नवख्या ताफ्याला बसवणं म्हणजे तालमीचा पहिला तास शार्प मोजण्यात घालवणं. अपवाद भैरवीचा. तिथे चार स्वर कोमल होतात आणि काळी एकची सोय उलटते. बी फ्लॅट वाद्याला सा ई फ्लॅट धरला तर सात फ्लॅट येतात. तो डी शार्प म्हणून लिहिलात तर पाच शार्पवर भागतं. भैरवी डी शार्पवरच लिहा.

बुवा ऐन कार्यक्रमात पट्टी अर्ध्या स्वराने हलवतात हे गृहीत धरा. दोन पट्ट्यांचे भाग छापून ठेवा आणि दोन्ही पट्ट्यांत बेसचा तळ तपासा. चाल दोन्हींत बसते, पण बेस एकातच बसतो असं अनेकदा होतं.

पायरी ३: वाद्याचे मजले ओळखा

क्लॅरिनेट बासरीसारखं सप्तकाने उडी मारत नाही. वरची चावी उघडली की बारा स्वर वर जातं. म्हणून तिच्या आवाजाचे मजले स्पष्ट वेगळे पडतात. पुढचे आकडे कागदावरच्या सुरांचे आहेत आणि चारही खालच्या वाद्यांना सारखेच लागू पडतात.

ई फ्लॅट ३ ते एफ शार्प ४ हा शालुमो. गडद, भरदार, अगदी हळूही बोलणारा. बेस क्लॅरिनेटचं खरं सोनं इथेच आहे, त्यामुळे ऐंशी टक्के भाग इथेच लिहा.

जी ४ ते बी फ्लॅट ४ हे घशाचे सूर. बहुतेक भोकं उघडी असतात, नळीचा छोटासा तुकडाच बोलतो, म्हणून आवाज पातळ आणि किंचित हवेशीर येतो. बी फ्लॅट सगळ्यात वाईट, कारण त्याची चावी दोन कामं करते (हा सूर देणं आणि वरच्या मजल्यावर नेणं) आणि भोक दोन्ही कामांना पूर्ण जुळत नाही.

बी ४ ते सी ६ म्हणजे क्लॅरियन. बी फ्लॅट ४ वरून बी ४ वर जाताना जवळपास उघड्या हातावरून सगळी बोटं एकदम बंद करावी लागतात. हाच तो उंबरठा. बेसवर भोकांवर झाकणं असतात आणि नळी लांब असते, म्हणून एखादं बोट उशिरा पडलं तरी सूर चिरकतो. शिवाय स्वस्त वाद्यांत वरच्या मजल्यासाठी एकच छिद्र असतं. चांगल्या वाद्यांत दोन असतात आणि ती आपोआप बदलतात. एक छिद्र असलेल्या वाद्यावर क्लॅरियनचा वरचा अर्धा भाग कच्चाच राहतो. नवख्या वादकासाठी बेसला जी ५ च्या वर लिहू नका. दोन्ही कॉन्ट्रांना एफ शार्प ४ ही मर्यादा पाळलेली बरी. त्याच्या वर त्यांचा आवाज बेसपेक्षा वाईटच लागतो, मग ती वाद्यं वापरण्यात अर्थ काय?

हे पट्टीशी जोडून पाहा. काळी एकला बेसचे घशाचे सूर म्हणजे गायकाच्या मध्य सप्तकातले ग, म आणि प. म्हणून बेसला गायकाबरोबर त्याच सप्तकात चाल वाजवायला लावली की ती नेमकी ग-म-प वर मरते. चाल बेसला द्यायची हौस असेल तर एक सप्तक खाली द्या.

पायरी ४: एक भूप बांधून पाहा

काळी एकमधला भूप घेऊ. बेसच्या कागदावर सा ई फ्लॅट ३, रे एफ ३, ग जी ३, प बी फ्लॅट ३, ध सी ४, वरचा सा ई फ्लॅट ४, त्याचा रे एफ ४. इथपर्यंत सगळं शालुमोत. पुढचा ग जी ४ घशात, प बी फ्लॅट ४ वाद्याच्या सगळ्यात कमकुवत सुरावर, आणि ध सी ५ उंबरठ्यापलीकडे. "ग प ध सां" ही भूपाची ओळखीची चढण वरच्या सप्तकात घातली की चार सुरांत दोन वेगळे आवाज आणि मध्ये एक उडी. तीच चढण खालच्या सप्तकात जी ३, बी फ्लॅट ३, सी ४, ई फ्लॅट ४ अशी जाते आणि मखमलीसारखी वाजते.

वरची चढण टाळता येत नसेल तर वादकाला सांगा, की जी ४ आणि बी फ्लॅट ४ वाजवताना उजव्या हाताची बोटं आधीच बंद करून ठेव. सूर बिघडत नाही आणि सी ५ वर जाताना फक्त डावा हात हलतो. भागावर तिथे छोटी खूण करा.

भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सुरुवातीला एवढंच पुरे: पहिल्या मात्रेला सा, पाचव्याला प, आणि ओळ संपताना सातव्या-आठव्याला ध-प. प वरून सा वर येणं खालीच उतरतं, बी फ्लॅट ३ ते ई फ्लॅट ३. सा खालचा प बेसवर नाहीच. तो हवाच असेल तर कॉन्ट्रा आल्टोला द्या. तिथे सा बी फ्लॅट ३ आणि त्याखालचा प एफ ३ येतो, दोन्ही आरामात. भूपात म आणि नी नाहीत, म्हणून जोडसुरांतही ते घुसवू नका. पाश्चात्त्य कॉर्डच्या सवयीने प खाली नी ठेवला की ऐकणारा मान वर करतो, आणि ती दाद नसते.

करंगळीकडेही लक्ष द्या. तळाचे ई फ्लॅट, ई, एफ, एफ शार्प आणि ए फ्लॅट ३ हे सगळे करंगळीच्या चाव्यांवर आहेत. काळी एकला सा-म म्हणजे ई फ्लॅट ३ ते ए फ्लॅट ३. हे दोन्ही उजव्या करंगळीवर आले तर बोट घसरवावं लागतं आणि मध्ये फट पडते. काही वाद्यांना डाव्या बाजूला पर्यायी चावी असते, सगळ्यांना नसते. वादकाला विचारा. नसेल तर सा आणि म च्या मध्ये छोटा विसावा लिहा किंवा प वरून म ला या. सा-रे मात्र निर्धोक आहे, कारण ई फ्लॅट उजव्याने आणि एफ डाव्याने घेता येतो.

पायरी ५: खाली गर्दी करू नका

ऐकू येणाऱ्या सी ३ च्या खाली दोन सूर ठेवायचे असतील तर सा-सा किंवा सा-प एवढंच. सा-ग जोडी तिथे चिखल होते. ग चं घर सी ३ च्या वर.

क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत एक, तीन, पाच असे विषम उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूर) जोरात असतात. तिसरा म्हणजे प आणि पाचवा म्हणजे शुद्ध ग. तानपुऱ्यातून न छेडता गांधार ऐकू येतो, तोच प्रकार इथे आणखी ठळकपणे होतो. म्हणून कोमल गांधाराच्या रागात बेसचा लांब खर्ज आणि त्याच्या लगेच वर कोमल ग ठेवला की दोन गांधार एकमेकांना घासतात. ट्यूनिंग कितीही करा, ते जात नाही. कोमल ग एक सप्तक वर, पहिल्या क्लॅरिनेटला द्या आणि तिथे खालचा सा सोडून फक्त प धरा.

डग्गा आणि पखवाजाची घुमक बेसच्याच भागात असते. समेवर थाप आणि बेसचा सूर एकत्र पडले तर बेस ऐकूच येत नाही. बेसचा सा थापेच्या किंचित आधी सुरू होऊन पुढे टिकला तर दोन्ही ऐकू येतात, म्हणून तिथे टाय (सूर न तोडता पुढे जोडणारी कमान) लिहा, फटका नको. देवळाच्या दगडी सभामंडपात खालचे सूर बराच वेळ घुमतात. तिथे लिहिलेल्या लांबीच्या निम्म्यावर थांबायला सांगा.

पायरी ६: श्वास, वेग, मींड

खालची नळी लांब असल्यामुळे सूर फुटायला वेळ लागतो. द्रुत लयीत सोळावे भाग जिभेने तोडून लिहिले की ऐकू येते फक्त घरघर. दोन सूर एका फुंकरीत जोडा आणि वेगाचं काम वरच्या क्लॅरिनेटला द्या. लांब खर्ज हवाच असेल तर बेस आठ मात्रा, कॉन्ट्रा चार मात्रा, आणि दोघांची श्वासाची जागा वेगवेगळी. ती भागावर स्वल्पविरामाने लिहूनच द्या. न लिहिल्यास दोघेही समेच्या आधी, म्हणजे नको तिथे श्वास घेतील.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, ही साध्या क्लॅरिनेटची शान आहे. तिथे बोट उघड्या भोकावरून हळू सरकवता येतं. बेसवर भोकांवर झाकणं आहेत, त्यामुळे बोटाची मींड जवळपास येतच नाही. ओठ सैल करून सूर थोडा खाली झुकतो, वर नाही. म्हणून मींड वरच्या क्लॅरिनेटला आणि बेसला स्थिर सूर. फारच वाटलं तर एक कण, म्हणजे शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श.

पायरी ७: भाग छापणं आणि पर्याय

म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. यादीतून योग्य वाद्य निवडा, लिहिताना ऐकू येणारे सूर दाखवणारं बटण चालू ठेवा आणि छापण्याआधी बंद करा. हे बटण बंद करायला विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. सगळा ताफा एका पट्टीत आणि बेस एक स्वर खाली, असा प्रकार त्यातूनच होतो. मर्यादेबाहेरचे सूर सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवतं, पण वाजवून मात्र बिनदिक्कत दाखवतं. रंगावर विश्वास ठेवा, आवाजावर नको. फोनच्या स्पीकरवर तर ६९ हर्ट्झचा सूर नीट येतच नाही, फक्त त्याचे उपस्वर येतात. म्हणून तपासणी हेडफोनवर करा.

कोकणात कॉन्ट्रा क्लॅरिनेट सहज मिळत नाही, बेससुद्धा प्रत्येक तालुक्यात असेलच असं नाही. पण लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम, ट्यूबा, सॅक्सोफोन असतात आणि इथे एक मोठी सोय आहे. ट्रेबल क्लेफमध्ये वाचणारा युफोनियम आणि टेनर सॅक्स यांचं ट्रान्सपोझिशन बेस क्लॅरिनेटचंच आहे. ट्रेबलमध्ये वाचणारा ई फ्लॅट ट्यूबा आणि बॅरिटोन सॅक्स कॉन्ट्रा आल्टोचा भाग जसाच्या तसा वाचतात, बी फ्लॅट ट्यूबा कॉन्ट्राबेसचा. फक्त त्यांचा तळ वर आहे: टेनर सॅक्सचा कागदावरचा बी फ्लॅट ३, बॅरिटोनचा बी फ्लॅट किंवा ए ३, तीन वाल्व्हच्या युफोनियम-ट्यूबाचा एफ शार्प ३. त्याखालचे सूर भागावर मोठ्या नोटने आणि त्यांचा वरच्या सप्तकातला पर्याय लहान नोटने लिहा. सी ३ पर्यंतच्या बेससाठी लिहिताना डी आणि सी लाही हेच करा. मिरवणुकीसाठी बेस क्लॅरिनेट लिहूच नका. उघड्यावर तिचा आवाज दहा पावलांत विरतो, तिथे ट्यूबाच हवा.

पावसाळ्यातली एक गोष्ट लिहिणाऱ्यालाही माहीत हवी. दमट, खाऱ्या हवेत पॅड (झाकणांखालच्या गाद्या) फुगतात आणि चिकटतात, स्प्रिंगा गंजतात, वेताच्या रीडवर बुरशी धरते. पॅड चिकटला की तळाचे सूरच आधी जातात, कारण तिथे सगळी झाकणं बंद असावी लागतात आणि एक जरी गळलं तरी सूर बोलत नाही. गणपतीच्या कार्यक्रमासाठी लिहिताना सगळ्यात खालच्या ई फ्लॅटवर एकट्या बेसचा प्रवेश ठेवू नका. त्या सुराच्या आधी दोन-तीन मात्रा वरून उतरत येणारी ओळ द्या. तालमीला प्लास्टिकची रीड लावायला सांगा. वाद्य गार असताना खाली लागतं आणि गरम झाल्यावर चढतं, पेटी मात्र जागेवरच असते. म्हणून पहिलं गाणं बेसच्या लांब सुरांचं नको. दहा मिनिटं वाजल्यावर गळ्याची नळी ओढून पेटीशी जुळवून घ्या, आणि मग भूप घ्या.